आत्याची नवी खोली तिला आपली कशी वाटेल?

ओसरी
माझी आत्या ८२ वर्षांची. लग्न केलं नाही, आयुष्यभर गणित शिकवलं आणि गेली ४६ वर्षं एकाच घरात एकटी राहिली. या वर्षात दोनदा पडली. दुसऱ्या वेळी सरपटत फोनपर्यंत पोचायला तिला चार तास लागले. त्यानंतर तिनेच विषय काढला आणि आम्ही एक निवास पक्का केला. स्वतःची खोली, आंघोळीला आणि औषधांना मदत, रात्री घंटा वाजवली की कोणीतरी येणार. डोकं एकदम तल्लख आहे, गुडघे आणि बोटं साथ देत नाहीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे.

खोली ११ फूट बाय १४ फूट. एक खिडकी, भिंतीतलं कपाट, संस्थेचा वरखाली होणारा पलंग, न्हाणीघरात धरायला दांड्या. बघायला गेलो तेव्हा आत्या दारातच थांबली आणि म्हणाली, "स्वच्छ आहे. लॉजच्या खोलीसारखी, कोणाचीच नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

तीन आठवड्यांनी जायचंय. माझा विचार असा की ती यायच्या आधी दोन दिवस जाऊन सगळं लावून ठेवायचं, म्हणजे दार उघडलं की तिला एकदम घर दिसेल. चुलतभाऊ म्हणतो सगळं नवं घेऊ. मला वाटतं जुनंच न्यावं, मावेल तितकं. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, काय कामी आलं आणि काय करायला नको होतं?

कंदील
आधी लावून ठेवू नका. बाकी काहीही करा, पण हे नको.

आईच्या वेळी मी नेमकं हेच केलं. रजा टाकली, भिंतीला तिच्या आवडीचा फिकट रंग लावून घेतला, त्याला शोभतील असे पडदे, फोटो एका ओळीत, पलंगावर नवी चादर. आई आली, सगळीकडे बघून "छान केलंस गं" म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली. पर्स मांडीवर. दुसऱ्या दिवशी गेले तर तशीच बसलेली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी विचारलं, पर्स खाली का ठेवत नाहीस? तर म्हणाली, "कुठे ठेवायची ते तू सांगितलं नाहीस."

मी घरी येऊन खूप रडले. सगळं तिच्यासाठी केलं होतं, पण तिला करायला मी काही ठेवलंच नव्हतं. पाचव्या दिवशी जाऊन सगळे खण रिकामे केले, सामान पलंगावर ओतलं आणि म्हटलं, आता तू सांग. दोन तास लागले, दमली, दोनदा माझ्यावर चिडली. पण संध्याकाळी पर्स खुंटीला होती.

नवखी
कंदील, वाचताना डोळे भरून आले. पर्स मांडीवर.

सुतारपक्षी
मी फर्निचरचं काम करतो, त्यामुळे मापाचं सांगतो.

खोलीचा नकाशा आलेख कागदावर काढा. १ फुटाला २ सेंटिमीटर धरलं तर ११ बाय १४ची खोली २२ बाय २८ सेंटिमीटरची होते, टेबलावर सहज मावते. पलंग, खुर्ची, टेबल यांचे त्याच मापाने पुठ्ठ्याचे तुकडे कापा. दार आणि कपाट उघडतात ती जागाही आखा, लोक नेमकं तेच विसरतात. मग ते तुकडे आत्याच्या हातात द्या. गणिताच्या शिक्षिका आहेत म्हणता, तुमच्यापेक्षा चांगलं मांडतील.

वॉकर घेऊन चालायचं तर ९० सेंटिमीटर मोकळी वाट लागते. पुढेमागे चाकाची खुर्ची आली तर वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते, ती आजच मोकळी ठेवलेली बरी.

नेण्याच्या वस्तूंत सगळ्यात आधी त्यांची बसायची खुर्ची. बसल्यावर पाय सपाट टेकले पाहिजेत, गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत, आणि उठताना रेटा द्यायला हात हवेत. साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीची बैठक बहुतेकांना जमते. जुनी खुर्ची बुटकी असेल तर वर उशी घालू नका. उशीने बैठक वर येते पण हात तिथेच राहतात, मग रेटा द्यायला काही उरत नाही. पायांखाली खळगा पाडलेले लाकडी ठोकळे बसवा, म्हणजे अख्खी खुर्ची उचलली जाते.

आणि खुर्ची कुठे ठेवायची? एम. पॉवेल लॉटन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, म्हातारपण आणि घर यावरच त्यांनी आयुष्यभर काम केलं. हालचाल कमी झालेली माणसं घरातल्या एका खुर्चीभोवती आपला सगळा कारभार कसा उभा करतात हे त्यांनी टिपून ठेवलंय. तिथून दार दिसतं, खिडकी दिसते, फोन, चष्मा, वाचायचं सगळं हाताशी असतं. तुमच्या आत्याची जुन्या घरातली अशी जागा कुठली ते बघा. तिथे बसल्यावर काय दिसतं आणि उजव्या हाताला काय असतं, ते लिहून आणा.

मधली_खिडकी
खुर्चीला अनुमोदन. तिच्यासोबत दिवाही आलाच पाहिजे.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि बाहुली आकसते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. मोतीबिंदू काढल्यावर भिंगाचा प्रश्न सुटतो, पण बाहुली लहानच राहते. अशा खोल्यांत छताच्या मधोमध एक पांढरा दिवा असतो. तो डोळ्यावर येतो आणि पुस्तकावर सावली पाडतो. खुर्चीच्या मागून, खांद्यावरून उजेड येईल असा एक दिवा न्या. पिवळसर उजेडाचा, २७०० केल्विनच्या आसपासचा. खोली क्षणात बदलते, अतिशयोक्ती करत नाहीये. बटण मोठं आणि पलंगावरून हाताला लागेल असं. दिव्याची वायर वाटेत नको.

न्हाणीघरात पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड असतं, रात्री त्याची कड दिसत नाही. गडद रंगाचं झाकण-बैठक बसवून घेतली की काम होतं.

आणि खिडकीत काही रचून ठेवू नका. रॉजर उलरिक यांचा १९८४चा एक अभ्यास आहे, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. २३ जोड्याच होत्या, पण माझ्या सासूबाईंना बघून मला ते पटतं. त्यांना खिडकीतून वाहनतळ दिसतो, आणि कोणाची गाडी किती वाजता येते हे त्या मला फोनवर सांगतात.

उंबरठा
जुनी खोली जशीच्या तशी उभी करायची कल्पना अनेकांच्या मनात येते, आमच्याही आली होती. बाबांच्या खोलीचे फोटो काढले आणि तसंच सगळं मांडलं. पलंग, शेजारी तेच टेबल, तेच कॅलेंडर. दिवसा सगळे खूश. पण न्हाणीघर इथे उजवीकडे होतं आणि घरी डावीकडे. रात्री अर्धवट झोपेत बाबा उठले आणि तीस वर्षांच्या सवयीने डावीकडे गेले. तिकडे कपाट होतं. कपाळाला चार टाके.

डॉक्टर म्हणाले, खोली वेगळी दिसली असती तर ते थांबून विचार करते. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. वस्तू जुन्या न्या, पण मांडणी नव्या खोलीला धरून करा.

मधली_खिडकी
उंबरठा, वाचून वाईट वाटलं. पण मी यातून उलटा अर्थ काढेन. सवय शरीराला असते, तर पलंग अशा दिशेने लावा की ज्या हाताला उतरायची सवय आहे त्याच हाताला न्हाणीघर येईल. आमच्याकडे पलंग फिरवून डोकं दुसऱ्या बाजूला केलं आणि वाट जुन्या घरासारखी झाली. सासूबाई पहिल्या रात्रीपासून बिनचूक गेल्या.

उंबरठा
जमत असेल तर उत्तमच. आमच्या खोलीत ऑक्सिजनची जोडणी एकाच भिंतीवर होती, पलंग फिरवता येत नव्हता. मग पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत मंद पिवळे दिवे लावले, माणूस हलला की लागणारे. ते मात्र सगळ्यांनी लावा.

रात्रपाळी
मी अशाच एका निवासात नऊ वर्षं मदतनीस आहे. घरच्यांना जे दिसत नाही ते आम्हाला दिसतं, म्हणून लिहिते.

सामान हलवण्याआधी संस्थेला विचारा: भिंतीला खिळा चालतो का, स्वतःची गादी चालते का, विजेची कुठली उपकरणं चालतात. गालिचे आणि सुटी पायपुसणी बहुतेक ठिकाणी काढायला लावतात, आणि ते बरोबर आहे, त्यावरून पडणारे मी पाहिलेत. कपड्यांवर आतल्या बाजूला नाव शिवा. धुलाईत अदलाबदल होते, आणि आपला स्वेटर दुसऱ्याच्या अंगात बघणं माणसाला फार लागतं.

साफसफाई करताना आमच्याकडून वस्तू हलतात. चष्मा डावीकडचा उजवीकडे गेला तर तुम्हाला ते क्षुल्लक वाटेल, ज्याला नीट दिसत नाही त्याचा अख्खा दिवस जातो त्यात. टेबल कसं मांडलेलं हवं त्याचा फोटो काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आम्ही बघून ठेवतो. त्याच्याच खाली एक कागद: काय नावाने हाक मारलेली आवडते, कुठल्या कानाने नीट ऐकू येतं, किती वाजता उठायची सवय, कशाबद्दल बोलायला आवडतं. आमच्याकडे एक आजोबा होते, तीन महिने कोणाशी बोलत नव्हते. त्यांच्या नातीने कागदावर लिहिलं, "पूल बांधायचे." त्या रात्री मी विचारलं, सगळ्यात लांब पूल कुठला बांधलात? पहाटेपर्यंत सांगत होते.

अजून एक. पहिले काही आठवडे त्या चिडल्या, रडल्या, जेवल्या नाहीत तर "आपण चुकलो" असं लगेच ठरवू नका. घर बदलण्याचा हा ताण खरा असतो. उत्तर अमेरिकेतल्या परिचारिकांच्या निदानसूचीत १९९२पासून तो स्वतंत्र निदान म्हणून नोंदलेला आहे. खोली लावली म्हणजे तो टळतो असं नाही. पहिल्या दिवशी सहा जण आणि तीस वस्तू येतात, पाचव्या दिवशी कोणीच येत नाही. वस्तू दोन-दोन करून आणा, म्हणजे यायला निमित्त राहील.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. कंदील, तुमचा प्रतिसाद वाचून आधी लावून ठेवायचा बेत रद्द केला.

आता खरी अडचण आवराआवरीची आहे. ४६ वर्षांचं सामान आणि न्यायची खोली एक. काल कपाट उघडलं तर मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका निघाल्या, तीन गठ्ठे. मी म्हटलं हे कशाला हवं, तर ती गप्प झाली आणि कपाट बंद करून टाकलं.

कंदील
"कशाला हवं" हे दोन शब्द या महिन्यापुरते विसरा. ज्याला घर मोडायचं आहे त्याला प्रत्येक वस्तूबद्दल जाब विचारल्यासारखं वाटतं. त्याऐवजी "ही कोणाची?" असं विचारा. आईने मला एकेका वस्तूची गोष्ट सांगितली आणि मग स्वतःच म्हणाली, ही अमक्याला दे. तिच्या हाताने दिलेली वस्तू गेली तरी तिला गेल्यासारखी वाटली नाही. दिवसाला एक खण, जास्त नाही.

पाणपोई
झाडाचं कोणीच लिहिलं नाही! एक कुंडी नक्की ठेवा. अमेरिकेत १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धनिवासात प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमची खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा, आणि त्यांना झाडं दिली. ती माणसं जास्त आनंदी आणि उत्साही झाली, जास्त जगलीसुद्धा. १९९१मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका निवासात डॉ. बिल थॉमस यांनी तर कुत्री, मांजरं, शेकडो झाडं आणि सुमारे १०० पक्षी आणले. एकटेपणा, असहायता आणि कंटाळा हेच तिथले खरे आजार आहेत असं त्यांचं म्हणणं होतं.

शंकासुर
पाणपोई, दुरुस्ती करतो, राग मानू नका. झाडं दोन्ही मजल्यांवर दिली होती. फरक असा होता की एका मजल्यावर लोकांनी झाड हवं की नको ते ठरवलं, आवडलं ते निवडलं, आणि पाणी घालायचं काम त्यांचं होतं. दुसऱ्या मजल्यावर झाड हातात ठेवून सांगितलं की पाणी परिचारिका घालतील. म्हणजे नुसती कुंडी ठेवून काही होत नाही.

आणि जास्त जगण्याबद्दल: दीड वर्षाने पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के आणि दुसऱ्यातले ३० टक्के लोक वारले होते. पण त्या हिशेबात चूक असल्याचं संशोधिकांनीच पुढे प्रसिद्ध केलं. तो फरक आधी वाटला तितका भक्कम नव्हता. मनःस्थितीतला फरक मात्र होता.

पाणपोई
राग कसला, हे माहीत नव्हतं. मग असं म्हणते: झाड त्यांना निवडू द्या, आणि ते सुकायला लागलं तर आपण गुपचूप पाणी घालू नका.

खोली_सात
नमस्कार. धागा तीन दिवस वाचतोय. मी ७९ वर्षांचा आहे आणि गेली अडीच वर्षं अशाच एका खोलीत राहतो. इथे सगळी मुलं, सुना, भाच्या बोलतायत, म्हणून राहणाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

मुलांनी विचारलं काय आणू. मी म्हटलं माझी पेचकसांची पेटी आणि विजेरी. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय, आणि ते एक फोटोचौकट घेऊन आले. वीज लावायची, दर दहा सेकंदांनी फोटो बदलणारी. प्रेमाने आणली होती. पण नातवाचा चेहरा नीट बघेपर्यंत तो गेलेला असतो. आता एकच फोटो थांबवून ठेवलाय. पेचकसांची पेटी पुढच्या खेपेला आली. तेव्हापासून या मजल्यावरचे चष्म्यांचे सुटलेले स्क्रू माझ्याकडे येतात. माझ्या खोलीत लोक कामासाठी येऊ लागले, त्या दिवशी मला इथे बरं वाटलं.

दुसरी खुर्ची. हे कोणी लिहिलेलं नाही. सगळे एका खुर्चीचा विचार करतायत. कोणी भेटायला आलं आणि त्याला पलंगावर बसावं लागलं तर ती रुग्णालयातली खोली. घर म्हटलं की येणाऱ्याला "बसा" म्हणता आलं पाहिजे. घडीची असली तरी चालेल, पण दुसरी खुर्ची हवीच.

एक खण कुलपाचा हवा. त्यात माझ्याकडे काय आहे ते महत्त्वाचं नाही.

आणि एक भिंत मोकळी सोडा. माझी मुलगी दर वेळी काहीतरी टांगून जाते. मी अजून इथे राहतोय, मला पुढेमागे स्वतःहून काही लावावंसं वाटेल.

रात्रपाळी
खोली सात, दंडवत तुम्हाला. उद्या माझ्या मजल्यावर खुर्च्या मोजणार आहे.

नवखी
दुसरी खुर्ची! माझ्या आजीच्या खोलीत आम्ही सगळे दोन वर्षं पलंगावर ओळीने बसतोय.

ओसरी
काका, तुमचा प्रतिसाद मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. कुलपाच्या खणाशी आल्यावर म्हणाली, "परत वाच."

पाऊलवाट
माझ्या मावशीला स्मृतिभ्रंश आहे. ओसरी यांना हे लागू नाही, पण धागा शोधत येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

तिला तिची खोली सापडत नव्हती, सगळी दारं सारखी. दारावर नावाची पाटी लावली, उपयोग शून्य. मग दाराशेजारी काचेची एक छोटी पेटी लावली, त्यात तिचा फोटो आणि तिची शिट्टी, ती खो-खो शिकवायची. आधी अलीकडचा फोटो ठेवला होता, तर "ही म्हातारी कोण?" म्हणून पुढे निघून गेली. पंचविशीतला ठेवल्यावर थांबली आणि आत वळली. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात घट्ट राहतात असं मानसशास्त्र सांगतं. तिच्या मनातला तिचा चेहरा तोच असणार.

दारात काळं पायपुसणं होतं, ती ते ओलांडायला तयार नसायची. तिला तो खड्डा दिसत होता. काढलं आणि प्रश्न मिटला. रात्री आरशावर कापड टाकतो, आत कोणीतरी आहे म्हणून घाबरते. कपाटात दोनच जोड दिसतील असे ठेवतो, बाकीचे वर. जास्त दिसले की गोंधळते आणि काहीच घालत नाही.

आणि पांघरूण धुऊन नेऊ नका! मी स्वच्छ, परीटघडीचं नेलं आणि तिने ते ओळखलंच नाही. घराचा वास गेला होता त्यातून.

उंबरठा
फोटोंवरून आठवलं. आई गेल्यावर आम्ही तिचा मोठा फोटो बाबांच्या पलंगासमोर लावला, आपल्याला वाटतं सोबत होईल. एका संध्याकाळी गेलो तर फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. बाबा म्हणाले, "सकाळी चालतं, संध्याकाळी नाही बघवत." आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. आता लहान फोटो खणात आहे, हवा तेव्हा काढतात.

घड्याळजी
अवांतर, पण सांगतोच. आजोबांचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं, आयुष्यभर. त्यांनीच तसं लावलेलं. निवासात नेलं आणि तिथल्या एका मदतनीस मुलाने ते मनापासून रोज बरोबर करायला सुरुवात केली. आजोबा रोज पुन्हा पुढे करायचे. दोघंही एकमेकांना काही बोलत नव्हते, दोघांनाही वाटत होतं घड्याळच बिघडलंय. दोन आठवड्यांनी आजोबांनी ते दुरुस्तीला पाठवायला काढलं तेव्हा उलगडा झाला. अख्खा मजला हसला. नंतर तो मुलगा आजोबांचा सगळ्यात लाडका झाला.

नवखी
टिकटिक करणारं घड्याळ आजीलाही लागतं, त्याशिवाय झोप नाही. आम्ही नेलं नव्हतं. खोली फार शांत आहे म्हणून ती जागी राहायची.

शंकासुर
ऐकू कमी येणाऱ्यांसाठी नेमकं उलटं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि श्रवणयंत्र तो घुमाराही वाढवून देतं. जाड पडदा, पुस्तकांचं कपाट आणि खुर्चीच्या पायांना खालून जाड लोकरी चकत्या. बाबा म्हणाले, आता तुझं बोलणं कळतं.

ओसरी
सव्वादोन महिन्यांनी येतेय. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना काय झालं ते सांगायलाच हवं.

सुतारपक्षी, नकाशा केला. आत्याने पट्टी घेऊन आधी माझे तुकडे मोजले आणि टेबलाचा तुकडा अर्धा सेंटिमीटर लहान कापलाय म्हणून परत करायला लावला. मग दीड तास मांडत बसली. मी मनात धरलं होतं त्यातलं काहीच तिने ठेवलं नाही. मला वाटलं होतं पलंग खिडकीशी असावा. तिने खिडकीशी टेबल ठेवलं, त्याला काटकोनात खुर्ची, आणि पलंग असा की झोपून दार दिसेल. "कोण येतंय ते मला आधी कळलं पाहिजे," म्हणाली. उतरायची बाजू डावीच राहिली, न्हाणीघरही डावीकडे आलं.

टेबल तिचं जुनंच. त्याचा खण अडकतो, जरा उचलून मग ओढावा लागतो. मी दुरुस्त करून घेणार होते, तिने करू दिला नाही. तो खण तिच्याशिवाय कोणाला उघडत नाही. कुलूप लागलंच नाही.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिने स्वतः चाळले आणि अकरा ठेवल्या. कुठल्या आणि का, ते मी विचारलं नाही.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. रात्रपाळी, तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून धीर धरला. दोनदा तिने मला फोन करून विचारलं, "घरी कधी न्यायला येतेस?" तल्लख डोक्याच्या बाईने असं विचारलेलं ऐकवत नाही. मी दर दोन दिवसांनी एकेक वस्तू घेऊन गेले. खांद्यामागचा दिवा, दुसरी खुर्ची, तिचा जुना काचेचा पेपरवेट. झाड तिने घेतलं नाही. "मला झाडांचं काही कळत नाही, उगाच मरेल," म्हणाली. मग तेही सोडून दिलं.

कागदावर मी लिहिलं होतं, "गणित." तिथल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ताईंचा मुलगा दहावीला आहे. आता तो आठवड्यातून तीनदा येतो. दुसऱ्या खुर्चीवर तोच बसतो.

परवा मी नेहमीसारखी थेट आत शिरले. तो मुलगा काहीतरी सोडवत होता. आत्याने वहीतून डोकं वर न काढता मला सांगितलं, "दार वाजवून येत जा गं."

कंदील
ओसरी, किती वाट बघत होते या प्रतिसादाची!

खोली_सात
आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. चष्म्याचा स्क्रू सुटला तर पोस्टाने पाठवा.

चौकट
आजच धागा सापडला, पुढच्या महिन्यात काकांना न्यायचंय. सुतारपक्षी, ते खुर्चीखालचे ठोकळे नेमके कसे करायचे? काकांची खुर्ची ४० सेंटिमीटरची आहे.

सुतारपक्षी
आधी काकांना पाय सपाट टेकवून बसवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत माप घ्या. बैठक तेवढी हवी, चपला घालत असतील तर चपलांसकट मोजा. समजा ४६ आलं, तर ६ सेंटिमीटर उचलायचंय. ठोकळा सुमारे ९ सेंटिमीटर उंच घ्या, वरून पायाच्या आकाराचा ३ सेंटिमीटर खोल खळगा, खाली रबर. चारही ठोकळे एकाच फळीतून कापा. आणि काकांना बसवण्याआधी तुम्ही स्वतः बसून, हातांवर पूर्ण भार देऊन चार वेळा उठून बघा. डगमगली तर वापरू नका, इथे फोटो टाका, मी सांगतो.